शांत हवेतला आकडा

एकसष्ट रकाने होते, आणि प्रत्येक रकान्यात बारा हजार आकडे. एकूण सात लाख बत्तीस हजार. पहिला आकडा ०.५००. त्याच्या खालचा ०.५००. तो माउसचं चाक फिरवत खाली गेला, मग आडवा गेला, मग डोळे मिटून मध्येच कुठेतरी थांबला, तिथेही ०.५००. शेवटी त्याने संगणकालाच विचारलं, यातला सगळ्यात मोठा कोणता? ०.५००. सगळ्यात लहान? ०.५००. उत्तर यायला डोळ्याचं पातं लवण्याइतकाही वेळ लागला नाही. तो मात्र सोमवारच्या त्या सकाळी खुर्चीत होता तसाच बसून राहिला, एक हात माउसवर, दुसऱ्या हातात गार झालेला चहा.

सरांनी एक आलेख मागितला होता, एवढंच. "अहवालाच्या चौथ्या पानावर नुसता आकडा आहे रे," ते म्हणाले होते, "त्याच्या शेजारी आरशाची हालचाल दाखव. समितीतल्या लोकांना काहीतरी हललेलं आवडतं." म्हणून त्याने सात महिन्यांपूर्वीची ती फाईल उघडली होती. आजवर ती कोणीच उघडली नव्हती, कारण उघडायचं कारणच पडलं नव्हतं. आरसा त्याच्या समोर टेबलावरच होता: तळहाताहून लहान, कागदासारखा लवचीक, पाठीमागे एकसष्ट बारीक दांडे. प्रत्येक दांड्याला सेकंदाला हजार वेळा एक आकडा जायचा. शून्याकडचा गेला तर दांडा आरसा मागे ओढायचा, एकाकडचा गेला तर पुढे ढकलायचा, आणि अर्धा म्हणजे काहीच करायचं नाही, आराम. खिडकीबाहेर, छतावरच्या या प्रयोगशाळेपासून एक किलोमीटर नऊशे मीटरवर, दुसऱ्या संस्थेचा मनोरा होता आणि मनोऱ्यावर एक दिवा. त्या दिव्याचा प्रकाश मधले रस्ते, गाड्यांचा तळ, तापलेले पत्रे ओलांडून इकडे येईपर्यंत चुरगळायचा. किती आणि कसा चुरगळला ते सेन्सर मोजायचा, आणि आरसा नेमका त्याच्या उलट वाकायचा. मग त्या आरशावरून निघणारा लेझर आधीच उलटा चुरगळून बाहेर पडायचा, आणि त्याच वाटेने जाता जाता सरळ होऊन मनोऱ्यावर एका ठिपक्यात उतरायचा. या सगळ्याला ते लूप म्हणत. लूप लावलेलं असेल तर ते एकसष्ट आकडे उकळत्या पाण्यासारखे खदखदायला हवेत. या फाईलमध्ये ते खदखदत नव्हते. त्या बारा सेकंदांत आरसा झोपलेला होता. आणि चौथ्या पानावरचा ०.६२ आला होता तो त्याच बारा सेकंदांतून.

हवा मुळी नसतीच तर मधल्या ठिपक्यात जेवढा प्रकाश पडला असता, त्याला एक म्हणायचं. दुपारी, आरसा न वापरता, त्यातला चार-पाच शतांश पडायचा. बाकीचा मनोऱ्याच्या भिंतीवर सांडलेल्या दुधासारखा पसरायचा. पुढची तीन वर्षं हवी असतील तर दुपारच्या हवेत किमान ०.३० दाखवा, असं समितीने लिहूनच दिलं होतं, आणि त्यांच्याकडे होता ०.६२. तो अहवालात होता, शोधनिबंधात होता, सरांच्या भाषणात तर तो टाळीच्या जागी होता. पण त्या दिवसानंतर तो पुन्हा कधी आला नव्हता. ०.२४ आला, ०.२७ आला, एकदा ०.२२. सात महिने त्याने भिंगं पुसली, स्क्रू सैल केले आणि आवळले, टेबलाखाली रबराचे तुकडे घातले, आपल्या बोटांवर शंका घेतली. घर तेच, किल्ली तीच, आणि कुलूप उघडत नाही अशा माणसासारखा तो रोज त्या आकड्यापाशी उभा राहायचा. आपल्याला एकदा जमलं होतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. स्वतःबद्दल इतकं पक्कं त्याला फारसं काही ठाऊक नव्हतं.

ती सकाळ त्याने इतक्या वेळा मनात फिरवली होती की तिच्या कडा गुळगुळीत झाल्या होत्या. मोजणी साडेअकराची ठरली होती. पण मनोऱ्यावरची त्या दिवशी लवकर आली, तिला लवकर निघायचं होतं. ती त्या दुसऱ्या संस्थेतली, मनोऱ्यावरचा कॅमेरा तिच्या हातात. अकरा महिने दोघांनी एकत्र काम केलं आणि समोरासमोर भेटले ते तीन वेळा, त्यातही एकदा जिन्यात. बाकी सगळं वॉकीटॉकीवर. पहिल्याच दिवशी ती म्हणाली होती, "मनोरा बोलतोय, छत ऐकतंय का?" आणि तेव्हापासून तो छत आणि ती मनोरा. तिचा आवाज एका किंचित खरखरीतून यायचा. ती खरखर वजा करून तिचा खरा आवाज कसा असेल याचा हिशेब तो करायचा, आणि जिन्यात ती खरोखर बोलली तेव्हा तो इतका गोंधळला की "हो, हो" एवढंच म्हणून दोन पायऱ्या चुकला. त्या सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी त्याने लेझरचा झोत मनोऱ्यावर नेला. उजव्या हाताला लूप लावायची कळ, डाव्या हातात वॉकीटॉकी. ती म्हणाली, "छत, एक विचारू? कामाचं नाही."

"विचार."

"मला दुसरीकडून बोलावणं आलंय. लांबून. तिथे कॅमेऱ्यांचा पूर्ण विभाग आहे. जाऊ का?"

खिडकीबाहेर पत्र्यावर एक पक्षी उतरला आणि उडाला. आपला अंगठा वॉकीटॉकीच्या बटणावर आहे, तो दाबला की आपला श्वास तिला ऐकू जाईल, हे त्याला अगदी स्पष्ट कळत होतं. "ऐकतोयस ना?" ती म्हणाली. मग त्याने बटण दाबलं आणि म्हणाला, "झोत बरोबर पडलाय का, बघ जरा."

"पडलाय." मग बारा सेकंद. मग तिची किंकाळीच आली. "शून्य पॉइंट बासष्ट! अरे छत, बासष्ट! तू केलंस काय?"

आज, सात महिन्यांनी, त्या प्रश्नाला उत्तर मिळालं होतं. काहीच नाही. उजवा हात कळेवर गेलाच नव्हता. सूर्य उगवल्यावर तासाभराने एक वेळ अशी येते की जमीन आणि वरची हवा सारख्याच तापलेल्या असतात; वीसेक मिनिटं कोणी कोणाला ढकलत नाही, हवा काचेसारखी उभी राहते. या धंद्यातल्या प्रत्येकाला ती शांत घटका माहीत असते. त्या वेळात यंत्र जुळवून घ्यावं, पण आकडा घेऊ नये, हे तर पहिल्या आठवड्यात शिकवतात. त्याने आकडा घेतला होता, आणि शेजारी आदल्या दुपारचा ०.०५ ठेवून दोन्हींतला फरक आपल्या आरशाच्या नावावर लिहून टाकला होता.

संध्याकाळी खोलीवर आल्यावर त्याने दिवा लावला नाही. खोलीत एक पलंग, एक टेबल, पाणी तापवायची किटली, आणि खिडकीत वाळत घातलेले दोन शर्ट. शर्ट अजून ओले आहेत की नुसते गार, हे तो हाताने बघत राहिला. दोन्हींचा स्पर्श सारखाच असतो. ताईचा फोन आला. ताई त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी, आणि आई गेल्यापासून आईहूनही मोठी.

"आवाज काय असा? विहिरीत बसलायस?"

"नाही गं. खोलीतच आहे."

"एकच झालं. जेवलास?"

"हो."

"खोटं. तू 'हो' इतक्या पटकन म्हणालास की जेवला नाहीस. बरं, तुझे भाऊजी विचारतायत, तुझा तो लेझर भिंतीपलीकडचं बघू शकतो का? शेजारी नवीन टीव्ही आलाय म्हणतात."

तो हसला, आणि हसता हसता सांगून टाकावं असं त्याच्या अगदी ओठांवर आलं. ताई, माझा एकुलता एक चांगला आकडा खोटा निघाला. पण ती म्हणाली असती, मग दुसरा आण की. तिच्याकडे प्रत्येक गोष्ट दुसरी मिळायची. त्याला एकाएकी बाबा आठवले, जमीन मोजणारे बाबा, डोक्यावर टोपी, तीन पायांवर उभी केलेली दुर्बीण, आणि लांब शेताच्या कडेला उभी धरलेली आकड्यांची पट्टी. सुट्टीत ते त्याला बरोबर न्यायचे. सकाळी दहापर्यंत मोजायचे आणि मग दुर्बीण पेटीत. "आता का नाही?" तो विचारायचा. "डोळा लाव," बाबा म्हणायचे. तो डोळा लावायचा. पट्टी पाण्यात बुडाल्यासारखी हलायची, तिचे आकडे एकमेकांत शिरायचे. "दुपारी पट्टी नाचते," बाबा म्हणायचे, "आणि नाचणाऱ्याला उंची विचारू नये." तेव्हा त्याला वाटलं होतं, यावर काहीतरी उपाय असला पाहिजे. बहुधा तिथूनच हे सगळं निघालं होतं: शिक्षण, हे छत, हा आरसा. बाबा ज्या वेळी दुर्बीण पेटीत ठेवायचे नेमक्या त्याच वेळी मोजून दाखवायचं. आणि शेवटी आपणही सकाळचाच आकडा आणला. ताई पलीकडून म्हणत होती, "ऐकतोयस का? का ठेवू?" "ऐकतोय," तो म्हणाला, आणि तीच फोन ठेवेपर्यंत ऐकत राहिला.

मंगळवारी सकाळी तो सरांच्या दारात उभा राहिला तेव्हा सर चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधत होते. त्याने सगळं सांगितलं. एका दमात, उभ्याउभ्याच, बचाव म्हणता येईल असा एकही शब्द न घालता. वॉकीटॉकीवर काय बोलणं चाललं होतं तेवढं वगळलं. "माझं लक्ष नव्हतं," एवढंच म्हणाला.

सर टेबलावरच्या कागदाकडे बघत म्हणाले, "म्हणजे कावळा बसायला आणि फांदी तुटायला."

"हो सर."

"आणि सात महिने आपण कावळ्याच्या वजनावर भाषणं देतोय." ते हसले, पण ते हसू अर्ध्यावरच राहिलं. "फाईल उघडायची काय गरज होती तुला?"

"तुम्हीच आलेख मागितलात."

"मागितला खरा." त्यांनी कपाळावरचा चष्मा काढला, पुसला, आणि न लावताच टेबलावर ठेवला. "परवा समिती येतेय. पुढच्या वर्षी मी निवृत्त. लोकांना वाटतं, या वयात चूक कबूल करणं सोपं जातं. तसं काही नसतं, बरं का." मग खिडकीकडे वळून, जणू खिडकीलाच सांगावं तसं, "हे कोणाकोणाला माहीत आहे?"

"तुम्हाला आणि मला."

बाहेर कोणीतरी कपाट ओढत नेत होतं, त्याचे पाय फरशीवर किंचाळत होते, आणि तो आवाज पूर्ण विरेपर्यंत सरांनी वाट पाहिली. त्याला वाटलं, आता ते म्हणतील, राहू दे. आणि त्यांनी तसं म्हणावं असं आपल्यातल्या कोणाला तरी वाटतंय, हेही त्याला दिसलं. खोलीच्या कोपऱ्यात हात बांधून उभ्या असलेल्या माणसासारखा तो कोणीतरी होता. सर म्हणाले, "निबंधावर तिसरं नाव आहे. तिला कळव आधी. तिची नोकरी त्यावर लागली असली तर तिला आपल्याकडूनच कळायला हवं, चारचौघांत नको. आणि उद्या दुपारी नवा आकडा आण. येईल तो. तू तो सही करून दे, मग मी पान बदलतो. तू दिला नाहीस तर पान आहे तसं राहील. मी तुझ्यामागे लागणार नाही, आणि तुझ्या आड येणार नाही." मग चष्मा लावून त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. "बस ना रे. मघापासून उभाच आहेस."

तिचा नंबर त्याच्याकडे होता. ती गेल्यापासूनच्या पाच महिन्यांत एकदाही लावलेला नव्हता. इमारतीच्या मागच्या जिन्यात, तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यांच्या मध्ये उभं राहून त्याने तो लावला. पलीकडून बरेच आवाज एकदम आले, माणसांचे, खुर्च्यांचे, आणि त्यांतून तिचा. खरखर नव्हती. त्यामुळे पहिली दोन वाक्यं त्याला ती कोणी दुसरीच वाटली.

"छत? अरे, तू? काय झालं? कोणी गेलं का?"

"नाही, नाही. आकड्याबद्दल होतं."

तिने सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदा कोणाला तरी "पाच मिनिटं" म्हणाली. मग म्हणाली, "शी! काय गाढव आहोत रे आपण. मला तरी कळायला हवं होतं. ठिपका जरासुद्धा हलत नव्हता. लूप लागलेलं असलं की तो कडेला थोडा तरी फुरफुरतो. मी बघितलं आणि आनंदाने ओरडले." ती हसली. "पत्र लिहा मासिकाला. मी पण सही करते. माझ्या नोकरीला काही होत नाही, मी इथे कॅमेरे बघते, तुमचे आकडे नाही. तू कसलं टेन्शन घेतोस?"

तो म्हणाला, "माझं लक्ष नव्हतं त्या दिवशी. तू विचारत होतीस ना, जाऊ का म्हणून."

"मी? कधी? हां... हो की. अरे, ते आपलं असंच. मी आदल्याच दिवशी सही करून पाठवली होती. कोणालातरी सांगावंसं वाटत होतं, आणि वॉकीटॉकीवर तूच होतास." मग तिच्याही आवाजात काहीतरी थांबलं, किंवा कदाचित फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर गेला असेल. "का रे? तू काय समजलास?"

"काही नाही. सहज."

"बरा आहेस ना?"

"हो," तो म्हणाला. पटकनच.

फोन ठेवल्यावर तो जिन्यातच थांबला. कठडा लोखंडी होता, गार. सात महिने त्याने दोन वाक्यं तयार ठेवली होती: जाऊ नकोस, आणि त्याहून बरं, इतक्यात जाऊ नकोस. कोणतं चाललं असतं, कोणत्या सुरात, तिच्या कोणत्या शब्दानंतर, हे त्याने आरशाच्या दांड्यांइतक्या बारकाईने ठरवलं होतं, आणि आपण बोललो नाही म्हणून ती गेली अशी शिक्षा स्वतःला ठोठावून तिच्यात तो एकप्रकारे रुळलाही होता. आता ती शिक्षाही गेली. तो बोलला असता तरी तेच झालं असतं. बोलला नाही तरी तेच झालं. वरच्या मजल्यावरून कोणीतरी उतरत आलं, "एक्स्क्यूज मी" म्हणालं, आणि तो भिंतीला लागून बाजूला झाला.

बुधवारी मनोऱ्यावर फ्यूज गेला. फ्यूज म्हणजे त्यांचा इलेक्ट्रॉनिक्सवाला. दर महिन्याला काहीतरी जाळायचा आणि दर वेळी फ्यूजला दोष द्यायचा, म्हणून फ्यूज. त्याला मोजणीतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण कॅमेरा लावून आकडा वाचता येत होता. शांत घटकेत झोत जुळवून घ्यायचा, म्हणून दोघेही पावणेसातलाच आपापल्या जागी होते. सात वाजले, सव्वासात होत आले. खाली गाड्यांचा तळ रिकामा होता आणि त्याच्यावर हवा अशी उभी होती की मनोऱ्याच्या खिडकीची चौकट नुसत्या डोळ्यांना दिसत होती.

"छत, छत," वॉकीटॉकीवर फ्यूज म्हणाला. "असंच म्हणायचं ना? मला उगाच खुळ्यासारखं वाटतंय."

"बोल."

"अरे, ठिपका बघ इथे येऊन! टाचणीच्या डोक्याएवढा झालाय. जुळलंय सगळं. तू ते तुझं लूप लाव आणि घेऊन टाकू आकडा. घरी जाऊ."

त्याने लूप लावलं. पडद्यावर एकसष्ट दांडे हलकेच, झोपेत कूस बदलल्यासारखे हलले. आरसा चालू होता, झोत सरळ होता, हवा गप्प होती. आत्ता बारा सेकंद घेतले तर ०.७ येईल, कदाचित ०.७५, समितीच्या ०.३०च्या दुपटीहून जास्त. आणि या वेळी त्यात खोटं काही नसेल. लूप लावलेलं असेल, फाईल दाखवता येईल, आलेखात आरसा हलताना दिसेल, आणि वेळ किती वाजताची हे चौथ्या पानावर कोणीच विचारणार नाही. फ्यूजलाही ते माहीत नव्हतं. सरांना विचारावंसं वाटणार नाही. तीन वर्षं, हे छत, हे टेबल, हाच एक खिडकीबाहेरचा मनोरा. नाही तर काय, याचा विचार त्याने आधी केला नव्हता, आणि आता करायला गेला तर डोळ्यांसमोर काही येईना, नुसती खोली आणि त्यातले दोन शर्ट.

"छत? घेऊ?"

त्याने बटण दाबलं. आपला श्वास पलीकडे जाऊ दिला. "नको. दुपारी घेऊ. साडेबाराला."

"साडेबारा? अजून पाच तास! तोवर मी इथे काय करू, मोरासारखा नाचू?"

"खाली जाऊन नाश्ता कर. सव्वाबाराला वर ये."

"साडेबाराला तर सगळं उकळत असतं रे."

"हो. म्हणून."

फ्यूज काहीतरी पुटपुटला, त्यात त्याचं नाव आणि एक जनावर होतं, आणि मग वॉकीटॉकी गप्प झाली. तो खुर्ची खिडकीशी ओढून बसला. पावणेआठच्या सुमाराला मनोऱ्याची चौकट पहिल्यांदा डळमळली, इतकी थोडी की त्याला आपलाच डोळा लवला असं वाटलं. मग गाड्या येऊ लागल्या, एकेक करत तळ भरला, त्यांच्या टपांवर ऊन चढलं. दहाला मनोऱ्याच्या कडा मऊ झाल्या. अकराला पत्र्यांवरून हवा उभ्या पट्ट्यांनी वर जाताना दिसायला लागली आणि मनोरा त्या पट्ट्यांमागे जागा बदलत राहिला, थोडा डावीकडे, थोडा वर, पुन्हा खाली. तो बघत राहिला. कित्येक वर्षांत तो हवेकडे असा नुसता बघत बसला नव्हता.

साडेबाराला फ्यूज धापा टाकत म्हणाला, "आलो. ठिपका कुठला, इथे नुसता भूकंप चाललाय."

त्याने वहीत तारीख लिहिली, वेळ लिहिली, हवेचं तापमान चौतीस अंश लिहिलं. लूप बंद ठेवून दहा वेळा आणि लूप लावून दहा वेळा, एकाआड एक, अशा वीस मोजण्या ठरवल्या, आणि प्रत्येक मोजणीआधी दांडे हलतायत की नाही ते डोळ्यांनी बघून समोर टिंब दिलं. फ्यूज आकडे वाचत गेला, सुरुवातीला चेष्टा करत, मग नुसतेच. पावणेदोनला विसावा आकडा आला. त्याने सरासरी दोनदा काढली, एकदा संगणकावर आणि एकदा हाताने, आणि वहीच्या पानावर लिहून खाली सही केली.

लूप बंद: ०.०४, अधिक-उणे ०.०१. लूप सुरू: ०.२६, अधिक-उणे ०.०२.